समुद्रापासून अंतर, मीटरमध्ये

युगंधा, खुर्ची ओढ. पंख्याखाली नको, कागद उडतात.
पासवर्ड कॅलेंडरच्या मागे चिकटवलाय,
सगळ्या वेंगुर्ल्याला माहीत आहे.

आधी हे: एक मालमत्ता, एक नोंद.
शिरोड्याचा एजंट तीच बाग कलमांची म्हणून पाठवील,
आरवलीचा फार्महाउसला उत्तम म्हणून.
गट नंबर बघ. गट नंबर खोटं बोलत नाही,
बोललाच तर तलाठ्याच्या अक्षरात बोलतो.

क्षेत्र गुंठ्यांत. चौरस फूट आपोआप भरतात, हात लावू नकोस.
पोटखराबा वेगळा. कातळ म्हणजे कातळ.
मी एकदा ‘नैसर्गिक दगडी अंगण’ लिहिलं होतं,
रेडकर अजून मला त्याच नावाने हाक मारतात.

‘सी-फेसिंग’ लिहायचं तर खिडकीत उभं राहून
समुद्र दिसला पाहिजे.
गच्चीवरून नाही. माडावर चढून नाही.

सहहिस्सेदारांच्या रकान्यात तेवीस नावं मावतात.
चोविसावा असतोच, मस्कतला नाहीतर डोंबिवलीत,
आणि सही त्याचीच राहिलेली असते.
तोवर ‘उपलब्ध’ लिहायचं नाही.

विक्री झाली की अठ्ठेचाळीस तासांत ‘विकली’.
विसरलीस तर फोन जुन्या मालकाला जातात.
उभादांड्याचे पेडणेकर मास्तर
असा प्रत्येक फोन घ्यायचे.
चौकशी करणाऱ्याला फोनवरच घर दाखवायचे,
पडवी, माजघर, न्हाणीतला तांब्याचा बंब,
मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते इथपर्यंत,
आणि मग सांगायचे, की आता ते माझं नाही.
दोन महिने. चूक माझी होती.

आता ११८४ उघड.
मोचेमाड. फिलोमिन डिसोझा. कौलारू, तीन खोल्या.
नियम असा, की दर नूतनीकरणाला
समुद्रापासूनचं अंतर नव्याने मोजायचं,
पायरीपासून भरतीच्या रेषेपर्यंत.
पहिल्यांदा मीच गेले होते, चपला हातात घेऊन: एकशे साठ.
मग एकशे एकतीस.
मग चौऱ्याण्णव. सिस्टीम लाल झाली:
‘मालमत्तेचे स्थान बदलता येत नाही. कृपया आकडा तपासा.’
मी फोन लावला.
बाई म्हणाली, मी थंयच आसंय गो. दर्याच हडे इलो.

ते मी शेऱ्यात लिहिलं. रेडकरांनी पुसलं.
शेऱ्यात मालकाचं बोलणं चालत नाही,
हाही नियम आहे, पान सात.

माडांचा रकाना सक्तीचा आहे. बावीस होते, गेल्या वेळी चौदा.
किमतीचा मात्र तुला भरायला नाही,
पुण्याच्या कोणीतरी सूत्र बसवलंय:
अंतर कमी, भाव जास्त.
बासष्ट मीटरला घर कोटीच्या वर गेलं.
ठाण्याहून एक जोडपं आलं, पायरीवर उभं राहून
फोटो काढले, भरती किती वाजता विचारलं,
आणि गाडीत बसेपर्यंत परत काही बोललं नाही.

नोंद काढायची तर कारण निवडावं लागतं.
विकली. मालकाने मागे घेतली. मुदत संपली. दुबार.
पाचवं कारण हवं म्हणून मी तीनदा मेल केलाय.
उत्तर येतं, आपली सूचना मोलाची आहे.
एकदा सगळे जेवायला गेल्यावर
मी अंतरात शून्य टाकून बघितलं.
सिस्टीम घेते. लाल होत नाही.
लगेच पुसलं.

आज नूतनीकरण आहे, तू जा.
ओहोटीला पोचू नकोस, आकडा फुगतो.
बाई टेपचं एक टोक धरते, नेहमी तीच धरते,
किती झाले ते विचारत नाही.
टेप खालच्या खणात आहे.
पहिले दोन मीटर खाऱ्या पाण्याने गंजलेत, अक्षर लागत नाही,
म्हणून दोनच्या आकड्यापासून मोज,
आणि वजाबाकी विसरू नकोस.